आबा, अक्का आणि तळ्यातली जीप

महिन्याभरापूर्वी धुळ्याजवळच्या आमच्या गावाहून फोन आला, माझे थोरले काका, आबा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत… जळगावच्या घरात मी फोन धरून उभा होतो आणि रडू यायच्या आधी मला हसूच आलं, कारण जीप आठवली.

माझ्या लहानपणी आबांनी एक जुनी जीप घेतली आणि काकूंना, म्हणजे आमच्या अक्कांना, हट्टानं चालवायला शिकवली. गावात जीप चालवणारी पहिली बाई! एका लग्नाहून परतताना इंजिन तापलं म्हणून अक्कांनी धरणाच्या उतारावर गाडी थांबवली. दोघं पाणी आणायला उतरले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जीप निघाली ती थेट तलावात, लाडवांच्या टोपलीसकट. तिथं जुन्या खाणीचा खोल खड्डा. पुष्कळ शोधूनही सापडली नाही. "हिनं हँडब्रेक लावलाच नव्हता," आबा म्हणायचे. "लावला होता!" अक्का फणकारायच्या. पंगतीत लाडू आले की हा वाद ठरलेला. सगळे हसायचे, पण अक्कांनी नंतर स्टिअरिंगला हात लावला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तलावात पडलेली पाण्याची मोटर शोधायला पाणबुडे उतरले आणि पार तळाशी त्यांना जीप दिसली. क्रेननं ती वर आली तेव्हा सारं गाव काठावर, जळगावहून गेलेला मीही. अक्का तोंडाला पदर लावून लांब उभ्या. आबा चिखल तुडवत गेले, आत वाकले, हातानं आतला चिखल बाजूला सारला… मग ओरडले, "ब्रेक लायेल शे! तुमनी अक्का खरी शे!" टाळ्या पडल्या. अक्का एकाच वेळी हसत होत्या, रडत होत्या. मी हळूच डोकावलो. ब्रेकचा दांडा वर ओढलेला नव्हताच, गंजून खालीच चिकटलेला! आबांनी माझा हात दाबला. "जलमभर चिडावं मी तिले. आते पुरं." त्याच संध्याकाळी अक्कांनी माझी गाडी गावभर फिरवली. शेजारी आबा, काच खाली करून प्रत्येकाला रामराम करत.

दहाव्यानंतर अक्कांजवळ बसलो होतो. जीपचा विषय त्यांनीच काढला.

"तुना आबास्ले खोटं बोलता ये नही रे. ब्रेक मी लायेलच नव्हता. माले माहीत व्हतं."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"कशाले? कितला खुश व्हतात…"

त्या खुदकन हसल्या. ओसरीवर ऊन आलं होतं. बोलता बोलता उठून त्यांनी आबांची रिकामी खुर्ची सावलीत ओढली, रोज ओढायच्या तशी.