मनगट धरून नेणारे सर

प्रा. भानुदास नवथर सरांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या हातामुळे झाली. मी काष्टी गावची. जन्मापासून मला दिसत नाही. बारावी झाल्यावर आण्णा, म्हणजे माझे वडील, मला मोटारसायकलवर मागे बसवून नगरच्या कॉलेजात घेऊन आले. तिथे जिन्याखालच्या एका खोलीत परदेशी आणि अपंग विद्यार्थ्यांसाठीचा साहाय्य कक्ष होता. अपंग हा शब्द पुढे पाटीवरून काढला गेला, पण आम्हा दोन्ही जातकुळींना एकाच खोलीत का कोंबले होते, हे मला कधी कळले नाही. जे इतरांसारखे नाहीत ते सगळे जिन्याखाली, असा कुणीतरी सरळ हिशेब लावला असावा.

आण्णा दारातच हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "सर, ही पोरगी तुमच्या हवाली. आमी शेतकरी मानसं, आमाला हितलं काय कळत न्हाई. फकस्त हिला एकटी सोडू नका."

"नाही सोडणार. शब्द देतो," सर म्हणाले आणि त्यांनी माझे मनगट धरले. उबदार, जाडसर बोटांचा तो हात होता. बाजारात लहान लेकराला धरावे तसे त्यांनी मला धरले आणि वर्गापर्यंत नेले. सरांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लिहायला बसले, तेव्हा सगळ्यात आधी तोच हात आठवला.

सरांनी आमच्यासाठी काय केले, ते सांगायला हा ग्रंथ पुरणार नाही. तरी एक सांगते. त्या काळी आमच्यासाठी अभ्यासाची पुस्तके ऐकायला मिळत नसत. सर अर्थशास्त्राचे. त्यांनी घरी बसून अख्खी पुस्तके कॅसेटवर वाचून दिली. वाचन स्वयंपाकघराशेजारी चाले, त्यामुळे मागणीच्या नियमात कुकरची शिट्टी होती आणि चलनवाढीच्या ऐन मध्यावर काकूंचे "अहो, चहा गार होतोय" होते. परीक्षेत चलनवाढीचा प्रश्न आला की मला आधी चहाची तलफ यायची, मग उत्तर आठवायचे. एकदा लेखनिक म्हणून यायची मुलगी ऐनवेळी तापाने पडली. सर शेजारच्या शाळेत गेले, तिथल्या मुख्याध्यापकांची मनधरणी केली, आणि एका मुलीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आले. पेपर वेळेत सुरू झाला. नंतर बराच वेळ मला सरांची धाप ऐकू येत होती.

आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. हॉस्टेल ते वर्ग, वर्ग ते कँटीन, कँटीन ते लायब्ररी, प्रत्येक ठिकाणी मला न्यायला वर्गातल्या मुलींच्या पाळ्या सरांनी लावून दिल्या होत्या. कुणी चुकली तर सर स्वतः येत. सुट्टीला गावी जाताना माळीवाडा स्टँडवर येऊन एसटीत बसवून देत, कंडक्टरला चार वेळा बजावत. कुणीतरी देणगी म्हणून पांढऱ्या काठ्या दिल्या होत्या, त्या कक्षातल्या कपाटामागे पडून होत्या. मी एकदा विचारले तेव्हा सर दुखावल्यासारखे म्हणाले, "आपली एवढी माणसं असताना काठी कशाला, सुमन?" मलाही ते पटले. आमच्या गावात काठी हातात आली की माणूस बिचारा झाला, असेच धरतात.

त्याच खोलीत मूसा यायचा. तो सुदानचा. सरांनी त्याला शहरातल्या एका मुस्लीम कुटुंबाच्या माडीवर खोली मिळवून दिली होती. तो घाबरून म्हणे, सर, बरोबर कुणीतरी द्या. सर हसत आणि सांगत, "शहर पायांनीच शिकावं लागतं. जा, हरव, विचार, परत ये." मूसा हरवला, विचारत सुटला, भाजीबाजारात उभा राहून मराठी शिकला. पहिले वर्ष सरायच्या आत तो "लई भारी" म्हणायला लागला होता. एकदा तो मला म्हणाला, "तुझं गाव हितून जवळ हाय, तरी तुला नगर माहीत न्हाई. मला माहीत हाय." आम्ही खूप हसलो. सरही हसले. एकाच खोलीत, एकाच माणसाने, एकाला रस्त्यावर सोडले आणि एकीच्या पायाला रस्ता लागू दिला नाही, हे तेव्हा तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आले नाही.

पदवीनंतर मी स्पर्धा परीक्षा दिली आणि नाशिकला एका कार्यालयात मला लिपिकाची नोकरी लागली. आण्णांनी गावभर पेढे वाटले. सर स्वतः नाशिकला आले. खोली पाहून दिली, लॉजवर मुक्काम केला आणि आठवडाभर मला मनगट धरून खोलीपासून कार्यालयापर्यंत नेले, आणले. मग त्यांची रजा संपली.

मला एकटीने रस्ता ओलांडता येत नव्हता. दाराबाहेरची पायरी कुठे संपते, वाहन कुठून येते, रस्त्यावरच्या आवाजांतून दिशा कशी काढायची, यातले काहीच मला येत नव्हते. शेजारी चांगले होते, पण त्यांनाही आपापली कामे होती. एका सकाळी रिक्षावाल्याने मला भलत्याच ठिकाणी उतरवले. मी दुपारपर्यंत एका भिंतीला हात लावून उभी होते. विचारावे कुणाला, हेही सुचत नव्हते, कारण विचारायची वेळच कधी आली नव्हती. शेवटी एका वाटसरूने खोलीवर पोचवले, आणि निरोप मिळताच आण्णा येऊन मला घेऊन गेले. मी राजीनामा दिला. पुढे वयाची मर्यादा ओलांडली आणि तो दरवाजा कायमचा बंद झाला.

सर त्यानंतर एका बाजारच्या दिवशी काष्टीला आले. ओसरीवर बसले. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. मग म्हणाले, "तुझी नोकरी माझ्यामुळे गेली, सुमन. तुला सगळं शिकवलं, चालायला शिकवायचं राहिलं."

आण्णा म्हणाले, "सर, एकटी सोडू नका म्हनून मीच म्हनलो हुतो. तुमी शब्द पाळला, तुमची काय चूक?"

"मी मास्तर आहे, आण्णा. तुमचं ऐकायचं का नाही, हे मला कळायला पाहिजे होतं."

मला राग आला होता. अजूनही एखाद्या दिवशी येतो, विशेषतः बरोबरीच्या कुणाला बढती मिळाल्याचे कानावर आले की. ज्या माणसाने सायकल दामटत माझा पेपर वाचवला त्याच्यावर रागवायचे कसे, हे मात्र मला आजतागायत जमलेले नाही.

त्या दिवसानंतर सरांनी कपाटामागच्या काठ्या बाहेर काढल्या. चालण्याचे शिक्षण देणारे एक गृहस्थ बाहेरून बोलावले. पालक भांडायला येत, "आमची पोरं रस्त्यावर सोडता व्हय?" म्हणून ओरडत, तेव्हा सर मान खाली घालून ऐकत आणि पोरांना पुन्हा रस्त्यावर सोडत. भंडारदऱ्याकडचा एक मुलगा तिथे शिकला आणि पुढे नागापूरच्या कारखान्यात कामाला लागला. रोज एकटा जातो, येतो. त्याच्याशी फोनवर बोलले की मला आनंद होतो, आणि हे मलाही वेळेत शिकता आले असते असेही वाटते. सर निवृत्त झाल्यावर त्या खोलीला बहुतेक वेळ कुलूप असते असे ऐकते. त्याचेही वाईट वाटते.

चाळिशीला टेकताना मीही एका शिबिरात काठी घेऊन चालायला शिकले. तिथे पहिल्याच दिवशी सांगितले की मदत करणाऱ्याने आंधळ्या माणसाचे मनगट धरायचे नसते. त्याने आपला कोपर पुढे करायचा, धरायचे की नाही ते आंधळ्या माणसाने ठरवायचे. इतकी साधी गोष्ट होती. ऐकून मी तिथेच रडले. आता काष्टीत मी शिकवण्या घेते आणि बाजारात एकटी जाते. आधी बाया "बिचारी" म्हणायच्या. आता म्हणतात, "सरका गं, बाई येत्यात."

सर दर दिवाळीला फोन करतात. काकूंचे, पावसाचे, आण्णांच्या गुडघ्यांचे, सगळ्यांचे बोलून झाल्यावर शेवटी माझे विचारतात, आणि तेही दबकत. काष्टीला मात्र ते पुन्हा आले नाहीत. सत्काराच्या भाषणांत कुणी त्यांना आंधळ्यांची काठी म्हणाले की ते विषय बदलतात असे ऐकले आहे. मी या ग्रंथासाठी लिहिते आहे हे कळल्यावर त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. तू नाशिकचं लिही." म्हणून लिहिले. त्यांनी सांगितले नसते तर हात धजावला नसता.

त्याच फोनवर ते म्हणाले, "समारंभाला काष्टीला गाडी पाठवतो." मी नको म्हटले, तेव्हा म्हणाले, "मग मी स्टँडवर येतो घ्यायला." पंचाहत्तरी आली तरी खोड जात नाही.

सरांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि काकूंचा चहा त्यांना यापुढे तरी गरम मिळो. आणि सर, तुम्हाला एकच विनंती. स्टँडवर येऊ नका. माळीवाड्यापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्याने तुम्ही मनगट धरून मला किती वेळा नेले, पण तो रस्ता मला अजून माहीत नाही. या वेळी मी विचारत येणार आहे. कदाचित हरवेन, उशीर होईल. समारंभ सुरू करा, हार घालून घ्या, दाराकडे बघत बसू नका. मी येते.