खडी फोडणारी बाई म्हणे मध्यमवर्गीय!

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, सावेडीतल्या सायबर कॅफेतून ही ई-मेल लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

आज तिसगावात आमच्या कॉलेजचं बालकुपोषणाचं सर्वेक्षण होतं. शांताबाई खडी फोडतात. त्यांची दोन वर्षांची पोर अजून धरूनसुद्धा उभी राहत नाही. तरी आमच्या सरांनी त्या घराला ‘मध्यम वर्ग’ ठरवून पोरीला मोफत पूरक आहारातून वगळलं. कारण वर्ग ठरवायचा उत्पन्नाचा तक्ता वीस वर्षांपूर्वीचा! तेव्हा शांताबाईंएवढी कमाई कारकुनाची असायची. आज त्यात धड महिन्याची ज्वारी येत नाही.

“सर, महागाईप्रमाणे आकडे वाढवा ना,” मी म्हटलं.

“मग जुन्या अभ्यासांशी तुलना कशी करायची?”

“आणि या पोरीचं काय करायचं?” मी ओरडलेच.

शांताबाईंना सांगायला सरांनी मलाच पाठवलं. त्या भडकल्या, “आमी कवा झालो वो शिरीमंत? या की मंग जेवायला आमच्यात!”

अहवालावरून माझं नाव काढा, असं सरांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ते लगेच काढलं. पोरीला मात्र घेतलं नाही.

तुमच्या कॉलेजात अजून हाच तक्ता चालतो? मग तुम्ही गप्प का?