अधिभार भरून थांबलेली गाडी

आत्या आल्याशिवाय बाळाचं नाव ठेवता येत नाही, हा आमच्याकडचा कायदा रेल्वेच्या कायद्याहून जुना आहे. लातूरला माझ्या धाकट्या भावाला फार वर्षांनी मुलगी झाली, बारशाचा मुहूर्त दुपारी बाराचा निघाला आणि भर दुष्काळात नवी कोरी साडी नेसून मी सकाळीच नांदेड स्टेशनावर हजर झाले. माझी एक्सप्रेस रखडली होती. तिकडेच जाणारी सुपरफास्ट समोर उभी होती. चढले!

परभणीला इंजिन काढून मागच्या टोकाला लावतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी उलटी निघाली आणि मी ओरडले, "अहो थांबवा! नांदेडला परत चालली!"

डबा खदखदा हसला. समोर उदगीरचे एक कापड व्यापारी बसले होते, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. ते म्हणाले, "बसा आक्का. परळीकडं जायाचं तर असंच फिरावं लागतंय."

मी ज्वारीच्या पिठाची मसालेदार धपाटी सोडली, अप्पांना दिली, तेवढ्यात टीसी आले.

"मॅडम, तिकीट एक्सप्रेसचं हाय. ही सुपरफास्ट. अधिभार भरा."

मी उभी राहिले. भांडण मला बसून जमत नाही. "पूर्णेला थांबली, परभणीला थांबली, वर उलटी फिरली. ह्यात सुपर ते काय?"

"सरासरी वेग अख्ख्या मार्गाचा धरतेत. तुमच्या नांदेड-लातूरपुरता न्हाई."

"भरा आक्का," अप्पा म्हणाले. "उदगीर जिल्हा होऊ द्या, आमच्याकडं बी असल्या गाड्या येतील. आम्ही तर वाजत गाजत भरू."

"लई दिवसांचं होऊनच राहिलाय तुमचा जिल्हा!" खिडकीपाशी बसलेली निलंग्याची बाई म्हणाली. "आधी नळाला पाणी येऊ द्या."

मी अधिभार भरला आणि टीसींना बजावलं, "बाराच्या आत लातूर दाखवा. नाहीतर भाचीच्या कानात नाव तुम्ही सांगायचं."

गंगाखेडजवळ गाडी पुलावर आली. खाली आमची गोदावरी, आणि पात्रात बैलगाडीच्या चाकोऱ्या. भाचीसाठी मी 'गोदा' हेच नाव ठरवलं होतं. त्या पुलावर मन कचरलं. कोरड्या नदीचं नाव लेकराला कसं द्यायचं?

लातूर हाताशी आलं आणि सिग्नलला गाडी थांबली. थांबली ती थांबलीच. बारा वाजत आले, तशी मी टीसींना गाठलं. "माझा अधिभार परत करा!"

"पलीकडून लातूरकरांसाठी पाण्याची गाडी आत येऊन राहिली, मॅडम. आधी तिला घेतेत."

डब्यातली माणसं खिडक्यांशी सरकली. मग अप्पा हळूच म्हणाले, "तिनं कुठं अधिभार भरलाय?" आणि स्वतःच हसले. निलंग्याच्या बाईनं लातुरातल्या लेकीला फोन लावला, "घागरी घासून ठेव गं." मीही भावाला कळवलं, मुहूर्त टळतोय.

"टळू दे," तो म्हणाला. "पाणी आलं का ते सांग!"

गाडी आत शिरली तेव्हा पलीकडच्या रुळावर टाक्यांची रांग उभी होती. एका झाकणाखालून ओघळ गळत होता. वेगाचे जास्तीचे पैसे भरलेली आमची माणसं दारात दाटीनं उभी राहून तो ओघळ बघत होती, उतरायची घाई कुणालाच नव्हती. माझी मान ताठ झाली. असा डबा दाखवा मला दुसऱ्या मुलखात!

बारशाला पोचले ती तासभर उशिरा. आधी दाराशीच अधिभाराची सगळी कथा अभिनयासह सांगितली, मगच पाळण्याशी गेले. कानात कुर्रर्र करून, न कचरता म्हटलं, "गोदा." रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत बुक्के पडले. ते थांबले असं वाटलं, तोच वहिनीच्या बहिणीनं आणखी दोन सणसणीत हाणले. "हा उशिराचा अधिभार, आत्याबाई!"

परतताना लातूरच्या तिकीट खिडकीवर, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "नांदेड. सुपरफास्टचंच द्या." गंगाखेडच्या पुलावर पात्र तसंच कोरडं होतं. मी खिडकीतून वाकून गोदावरीला सांगितलं, "बाई गं, तुझ्या नावाची एक पोरगी लातूरला पाळण्यात आहे. तिच्यासाठी तरी ये."