हळदीचं पडणं

अख्ख्या निजामाच्या मुलखात आमच्या मामांइतकं झोकात कुणी पडलं नसेल, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून लग्न होईपर्यंत मी अणदूरला त्यांच्याच घरी वाढले, आणि मामा किती वेळा पडले याचा हिशेब ठेवणं मी पहिल्या वर्षातच सोडून दिलं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर सोलापुरात एका लष्करी साहेबाची फटफटी विकायला निघाली होती. मामांचा अडतीचा धंदा, घरी दोन बैलजोड्या, दारात छकडा. फटफटीवाचून त्यांचं काहीही अडत नव्हतं. पण सोलापूरला गेले छकड्यात आणि परत निघाले फटफटीवर. छकडा मागून गडी घेऊन येत होता, आणि तो मामांच्या आधी घरी पोचला, कारण मामा वाटेत ठिकठिकाणी पडले होते.

फटफटीला ते वाहन समजतच नसत, जनावर समजत. पोळ्याला बैलांबरोबर तिलाही आंघोळ, गेरूचे ठिपके, हँडलला गोंडे. मिरवणुकीत बैलांच्या मागं मामा ती ढकलत नेत, कारण सुरू केली तर बैल उधळतील. पुरणपोळीचा घास तिला कुठं भरवायचा हा प्रश्न असे, तर तो ते पुढच्या दिव्याखाली टेकवत आणि मग स्वतःच खात. बैलांच्या बाबतीत तर ते फार हळवे. रस्त्यावर समोरून बैलगाडी दिसली की फटफटी बंद करून, खाली उतरून, गाडी पुढं जाईपर्यंत कडेला उभे. गाडीवान ओळखीचा असो नसो, "जाऊ द्या सावकाश, जनावर बुजंल," म्हणत. त्यामुळं नळदुर्गला जायला त्यांना छकड्याइतकाच वेळ लागे. आत्या विचारायची, "मग छकड्यातच का न्हाय जात?" मामा म्हणत, "छकड्यात बसून कुनासाठी उतरता येतंय का?"

पडण्याचे त्यांनी तीन दर्जे केले होते. खरचटलं, सोललं, रक्त आलं तर ते "हळदीचं", म्हणजे आत्यानं हळद दाबून बसवली की काम झालं. हात किंवा पाय सुजला, वाकडा दिसला तर "हाडाचं". मग वेशीजवळच्या हाडवैद्यांकडून बांबूच्या कामट्या बांधून यायचं. आणि हाडवैद्यांच्यानंही होणार नाही ते "सोलापूरचं", दवाखान्याचं. ही विभागणी गावाला इतकी पटली की झाडावरून पडलेलं पोर असो की विहिरीच्या पायरीवर घसरलेली कुणाची सासू, पहिला प्रश्न तोच विचारला जाई. एकदा मामा कचेरीसमोरच आडवे झाले. आमच्याकडं फौजदाराला अमीन म्हणत. तर ते अमीनसाहेब खुर्चीवरून न उठता म्हणाले, "क्या सेठ, हल्दी का है के हड्डी का?" मामांनी पडल्या पडल्याच सलाम केला. "हल्दीकाच हाय, साब." सोलापूरचं आपल्याला कधी लागलं नाही, याचा मामांना मोठा अभिमान होता.

याचं खरं श्रेय त्यांच्या फेट्याला. त्यांची आई, जिला आम्ही मोठी आई म्हणत असू, ती फटफटीला "भूत" म्हणायची. पण एका अटीवर तिनं ते भूत घरात येऊ दिलं. "बस त्या भुतावर, मी न्हाय म्हनत न्हाय. पर उघड्या डोस्क्यानं नगं. मी जित्ती हाय तवर तुजं डोस्कं उघडं दिसाया नगं." तिच्या मनात अपघात नव्हताच. आमच्याकडं घरात कुणी गेलं की पुरुष फेटा उतरवून ठेवतात, आणि तेराव्याला सोयरे नवा फेटा बांधतात तेव्हा दुखवटा उठतो. आई जिवंत असताना मुलानं बोडक्यानं फिरणं तिला अभद्र वाटे, एवढंच. मामा निघायच्या वेळी ती ओसरीवर बसून प्रत्येक वेढा नीट बसलाय का ते बघायची, आणि सैल वाटला तर सगळा फेटा परत बांधायला लावायची. मामा कुरकुरत, पण बांधत. त्या जाडजूड कापडामुळं त्यांचं डोकं किती वेळा वाचलं असेल, देव जाणे. फेट्यात रुतून बसलेला खडा मी स्वतः काढलाय. काढताना आम्ही सगळे हसत होतो.

मोठी आई गेली ती थंडीत, झोपेत. देव तेव्हा गावात नव्हता. आमचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो, आणि त्या दिवसांत अणदूर तसंही रिकामं वाटतं. रीतिभातींची चेष्टा करणारे, फटफटीला पुरण भरवणारे मामा आता एकेक रीत पाळू लागले. त्यांनी डोक्यावरचे केस उतरवले आणि फेटा खुंटीला अडकवला. दहाव्याच्या आदल्या दिवशी नळदुर्गच्या गुरुजींना सांगून यायचं होतं. गड्याला पाठवता आलं असतं. पण "आईचं काम हाय," म्हणून मामांनी फटफटी बाहेर काढली. आत्या खुंटीवरचा फेटा घेऊन मागं धावली.

"बांधा की वं. वाटंत कोन बघतंय?"

"आई बघती," मामा म्हणाले आणि गेले.

आयुष्यात त्यांनी आईचं धड एवढं एकच ऐकलं होतं, आणि आता ती जित्ती नाही म्हणून डोकं उघडं ठेवून तेच ते तिच्या मागंही ऐकत होते. मला त्या गोष्टीचा राग येतो, अजून येतो.

ते पडले ते समोरून बैलगाडी आली म्हणून. नेहमीसारखी त्यांनी फटफटी बंद केली, कडेला घेतली, आणि थांबता थांबता चाक खडीवरून सरकलं. भरधाव फटफटीवरून फेकले गेलेले मामा हसत उठलेले मी पाहिले होते. इथं तर ती जवळजवळ उभीच होती. पण कडेला रस्त्याच्या कामासाठी फोडलेल्या दगडांचा ढीग होता. गाडीवानानं त्यांना बैलगाडीत घालून घरी आणलं. मामा आपल्या पायांनी उतरले, ओसरीवर बसले, गाडीवानाला चहा द्यायला सांगितला. "हळदीचंच हाय," आत्याला म्हणाले. आत्या मुठीत हळद घेऊन आली. तिनं हात बघितले, कोपरं बघितली, गुडघे बघितले. डोक्यावरून हात फिरवला, तर कानाच्या वर एक टेंगूळ तेवढं लागलं. रक्ताचा थेंब कुठं नव्हता. हळद लावायला जागाच सापडेना, आणि ती तशीच मूठ धरून उभी राहिली.

"बघ, हळदीचं बी न्हाय," मामा म्हणाले, आणि आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं.

दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या. मग झोप लागली, आणि हलवून हलवूनही ते जागे होईनात. तिन्हीसांजेला सोलापूरकडं जाणारी एक लॉरी थांबवून त्यांना नेलं. कवटीच्या आत रक्त साचलंय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. बाहेर दिसणाऱ्या रक्ताला आम्ही घाबरायचो. न दिसणाऱ्या रक्तासाठी मामांच्या तीन दर्जांत जागाच नव्हती.

दहावा आणि तेरावा त्यांच्या चुलतभावानं केला. भावकीतल्या सगळ्यांनी फेटे परत बांधले, मामांचं डोकं तेवढं उघडं राहिलं. बऱ्याच आठवड्यांनी ते घरी आले, तेव्हा माझे वडील सास्तूरहून दुखवट्याचा पांढरा फेटा घेऊन आले. मेहुणा म्हणून तो मान त्यांचा. जखमेवर दाब येऊ नये म्हणून वडील एकेक वेढा हलक्या हातानं घेत होते, आणि मामा शहाण्या मुलासारखे मान ताठ धरून बसले होते. शेवटी त्यांनी खांद्यावर आलेला पदर हातात धरून बघितला.

"पाव्हनं, ह्यो दुखवट्याचा दिसतोय," ते म्हणाले. "कोन गेलं?"

वडिलांचे हात थांबले. आत्यानं खरं ते सांगितलं. मामा त्या दिवशी जसे रडले ते बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी विचारलं, "आई उठली का?" आत्यानं परत सांगितलं आणि ते परत तसेच रडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तेव्हा आत्या चुलीकडं तोंड करून म्हणाली, "उठल्यात. पूजंला बसल्यात."

त्यानंतर मामा पुष्कळ वर्षं जगले. बाजारभाव, बैलांची नावं, अमीनसाहेबांना पडल्या पडल्या केलेला सलाम, सगळं त्यांना आठवे. एवढं एकच आठवत नसे. फटफटी गोठ्यात बैलांशेजारी उभी राहिली, आणि जिनं तिला कधी बोट लावलं नव्हतं ती आत्या पोळ्याला तिला गेरू लावू लागली. आता माझी नातवंडं मोटारसायकलवरून खरचटून येतात आणि मला गुडघे दाखवतात. मी गुडघ्यांकडं बघत नाही, आधी डोकं चाचपते. ती हसतात. हसू देत.

मामा रोज सकाळी देवळाकडं निघायच्या आधी ओसरीवर बसत आणि आत्या त्यांना फेटा बांधायची. चार घरं ओलांडून चालत जायचं, तेवढ्यासाठी. पण वेढे अगदी घट्ट, मोठ्या आईनं बघितले असते तसे. उठताना मामा न चुकता म्हणत, "आईला सांग, बांधलाय म्हनून." आत्या "सांगते" म्हणायची, आणि ते वळणाआड गेले की आत जाऊन देवघरापाशी थोडा वेळ उभी राहायची.