शेळवाडीच्या कॅथेड्रलमधली उसनी खुर्ची

लातूर स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळ झाली होती आणि माझी मान फक्त डावीकडे वळत होती. वरचा बर्थ मिळाल्याचा हा परिणाम. चौतीस वर्षं वसईच्या शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झाले आणि आमच्या चर्चच्या त्रैमासिकाच्या संपादकांनी मला पकडलं. उदगीरच्या पुढे शेळवाडी नावाच्या खेड्यात निजामाच्या काळातलं कॅथेड्रल आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कॅथेड्रल म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च. ते खेड्यात कसं असेल, असं मी विचारलं. "तेच तर बघून या," संपादक म्हणाले.

उदगीरपर्यंत एसटी आणि पुढे काळीपिवळी जीप. नऊ माणसांच्या जीपमध्ये मी चौदावी होते आणि माझ्या मांडीवर शेजारच्या मावशींची मेथी होती. ड्रायव्हरला शेळवाडीचं चर्च म्हटलं तर त्याला कळेना.

"कत्तेडल म्हणा की, खुर्चीवालं," मागून कुणीतरी म्हणालं.

एवढ्यावरून जीपमध्ये दोन तट पडले. खुर्ची आप्पांची आहे, असं पुढच्या सीटवरचे म्हणाले. ती आता देवाची झाली, असं मागचे म्हणाले. मावशी मेथी सावरत माझ्याकडे वळल्या. "तुमी निकाल द्यायला आलात का?"

"नाही हो, लेख लिहायला आले."

"तेच. निकाल लिहूनच द्यावा लागतोय," त्या समाधानाने म्हणाल्या.

सोयाबीन निघालेल्या काळ्या रानांतून जीप गेली आणि कॅथेड्रल समोर आलं. मी आणखी पुढे बघत राहिले, कारण मला वाटलं ही त्याच्या मागची खोली असेल. लाल जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या. घंटा लिंबाच्या झाडाला टांगलेली. साठ माणसं दाटीवाटीने बसली असती.

फादर धावत आले. ते केरळचे, तरुण. मराठी त्यांनी जुन्या बायबलवरून शिकली होती. माझ्या बॅगेकडे बघून ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, आपण भाराक्रांत दिसता," आणि बॅग उचलली. माझी उतरायची सोय दानियल मास्तरांकडे केली होती. हे मास्तर शाळेतले नव्हेत. फादर नसतील तेव्हा प्रार्थना चालवणाऱ्या प्रचारकाला इथे मास्तर म्हणतात, आणि हे काम त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं आहे.

"बसा मॅडम, सुशीला येऊन राहिली," मास्तर म्हणाले. मी केस सारखे करून सुशीलाबाईंची वाट बघत बसले. आली ती एका ताटलीतून. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन केलेला नाष्टा) मी दोनदा घेतली आणि मास्तरांनी मला चर्चचा इतिहास सांगितला.

निजामाच्या अमलात हैदराबादकडून बैलगाडीने एक परदेशी फादर आले. इतके उंच, की लोक त्यांना लांबे फादर म्हणत. हिवतापावर औषध द्यायचे. काही कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांनीच दगड वाहून चर्च बांधलं. आशीर्वाद द्यायला बिशप यायचे होते, पण त्यांना बसवायला गावात पाटाशिवाय काही नव्हतं. खुर्ची होती फक्त एका लिंगायत शेटजींच्या दुकानात. ती आणली, बिशप तिच्यावर बसले. बिशपांची खुर्ची असते ते कॅथेड्रल, असं लांबे फादर त्या दिवशी म्हणाले. गमतीने म्हणाले असणार, पण गावाने ते पक्कं धरलं.

"आन् शेटजीनं ती खुर्ची चर्चला दान केली," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं.

संध्याकाळी मी आप्पांना भेटायला गेले. आप्पा त्या शेटजींचे नातू. वय ऐंशीच्या घरात, कपाळावर भस्म, किराणा दुकान आता मुलाकडे. "शरणार्थी," असा लिंगायतांचा नमस्कार करून त्यांनी हात जोडले आणि न विचारता एक फोटो दाखवला. चार वर्षांपूर्वी भिंत रंगवताना कपाटामागे सापडलेला. सिंहाच्या तोंडाचे हात असलेल्या खुर्चीत त्यांचे आजोबा बसले होते.

"खुर्चीचं काय हो बाई, लाकूड हाय ते," आप्पा म्हणाले. "मी दान्याला, तुमच्या मास्तरला, नुसतं म्हणलं, ही आमची खुर्ची, उसनी दिलती. तर त्यो चारचौघांत मला खोटारडा म्हणला. चौथीपर्यंत एका बाकावर बसलो आमी. चार वर्षं झाली, बोलून न्हाई राहिलो."

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर मी फादरांना विचारलं, लांबे फादरांचा काही कागद आहे का. मास्तर वर बघून कौलं मोजायला लागले. एक रोजनिशी आहे, पण ती कुणालाच वाचता येत नाही, असं फादर म्हणाले. कपाटाची किल्ली मास्तरांच्या कमरेला होती. ती सुटायला बराच वेळ लागला.

रोजनिशी मराठीतच होती, पण रोमन लिपीत, आणि अक्षर असं की कोंबडी पानावरून पळाली असावी. मात्र मी चौतीस वर्षं आठवी ब चे पेपर तपासले होते. दहा मिनिटांत मला बिशपांचा दिवस सापडला. मग मी ओळीवर बोट ठेवून वर बघितलं. भोवती चाळीसेक माणसं उभी होती.

"दुसरं पान बगा की मॅडम," मास्तर हळू आवाजात म्हणाले. मला खरंच वाटलं, अक्षर लागत नाही असं सांगून टाकावं. त्यांच्या घरची सुशीला खाल्ली होती. पण मास्तरच भिंतीला टेकून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं: "खुर्ची शेटकडून आणली. बोली एक दिवसाची. उद्या परत." दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, "पाऊस. खुर्ची उद्या." तिसऱ्या दिवशी, "बैल लंगडतो. खुर्ची परवा." मग, "मला ताप. खुर्ची नंतर." असं अकरा वेळा. त्यानंतर कांद्याच्या वाफ्यांबद्दल लिहिलं होतं आणि खुर्चीचं नाव नव्हतं.

कुणी हसलं नाही. मास्तरांनी वेदीजवळ जाऊन खुर्चीवरचं कापड काढलं, नीट घडी केली आणि म्हणाले, "उचला रे."

ती शिसवी खुर्ची चौघांना मिळून उचलावी लागली. सगळं चर्च मागे निघालं. माझ्या चपलेचा पट्टा पहिल्याच वळणावर तुटला. मी अनवाणी चालले, तेव्हा बाईंचा नवस आहे असं समजून दोन बायकांनी आपल्याही चपला काढल्या. समजावून सांगायला वेळ नव्हता.

आप्पा ओट्यावर उभे राहिले. मास्तरांनी खुर्ची टेकवली. "घे. तुजं खरं होतं. मीच खोटारडा."

आप्पांनी सिंहाच्या तोंडावरून हात फिरवला. ते खुर्चीत बसले. त्यांचे पाय जमिनीला पोचेनात. आजोबा उंच असणार. आप्पा तसेच पाय हलवत बसले असताना आतून त्यांची सून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मामंजी, घरात पाट ठिवायला जागा न्हाई. ही कुठं ठिवायची?"

आप्पांनी थोडा विचार केला. "दान्या, तुज्याकडं जागा हाय का?"

"चर्चमंदी हाय."

"मंग ने. पर उसनी. आन् बाईंच्या हातानं लिहून घे. पुन्ना तकरार नको."

मी रोजनिशीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. फादरांनी विचारलं, "किती काळापर्यंत?"

"आज्यानं दिलती तेवढीच," आप्पा म्हणाले. "एका दिवसासाठी."

"उद्या आणून देतो," मास्तर म्हणाले.

"बैल लंगडला तर परवा दे."

मग मात्र दोघंही हसले, आणि हसता हसता मास्तरांनी डोळे उपरण्याने पुसले. मी खाली दोघांच्या सह्या घेतल्या. आप्पांची मोडीसारखी वळणदार, मास्तरांची चौथीतल्या मुलासारखी ठळक.

मी आणखी दोन दिवस राहिले. शाळेत मी मुलांना सांगत असे, कागदावर असेल तोच इतिहास. शेळवाडीत कागद मीच वाचला, आणि त्याने एवढंच सांगितलं की बिचाऱ्या लांब्या फादरांना सवड झाली नाही. पुढचं सगळं, कापडाची घडी घालण्यापासून, लोकांनी आपलं आपण ठरवलं. लेखात हे कुठल्या मथळ्याखाली घालावं ते मला अजून सुचलेलं नाही.

मंगळवारी जीप सुटली तेव्हा खुर्ची चर्चमध्येच होती. ओट्यावर आप्पा आणि मास्तर एकाच सतरंजीवर बसून चहा पीत होते, आणि उदगीरच्या बाजारात यंदा बैल कसे आहेत याबद्दल बोलत होते.