मामांनी इर्जिक सुधारली

विकसनशील देशांची जेवढी काळजी माझ्या बायकोच्या मामांनी वाहिली, तेवढी त्या देशांच्या अर्थमंत्र्यांनी वाहिली असती, तर आज एकही देश विकसनशील म्हणून शिल्लक राहिला नसता. मामा काही अर्थतज्ज्ञ नव्हेत. पुण्यात बँकवाल्यांच्या एका प्रशिक्षण संस्थेत ते तीस वर्षं शिपाई होते. देशोदेशीचे अधिकारी तिथं आर्थिक सुधारणा शिकायला येत. मामा प्रोजेक्टर लावत, चहा फिरवत आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून सगळं ऐकत. अधिकारी दोन आठवड्यांत शिकून घरी जात, मामा मात्र तीस वर्षं त्याच वर्गात बसले. निवृत्त होऊन कामशेतच्या पुढं, पवनेकडच्या आपल्या गावी परतले तेव्हा अख्ख्या देशाची दुरुस्ती त्यांच्याकडे तयार होती, फक्त देश हाताशी नव्हता. मग त्यांनी घरापासून सुरुवात केली.

"मध्यवर्ती बँकेत सरकारनं ढवळाढवळ करायची न्हाई," असं म्हणून त्यांनी साखरेच्या डब्यापासून भाताच्या कणगीपर्यंत सगळा कारभार मामींच्या हाती सोपवला. त्याच दुपारी त्यांनी दुसरा चहा मागितला. मामी म्हणाल्या, "न्हाई मिळायचा. सरकारनं इचारायचं न्हाई, तुमीच म्हनला न्हवं?" दुसरा कुणी चिडला असता. मामांचा चेहरा उजळला. "बघा जावईबापू, संस्था बळकट व्हाया लागली!" म्हणत ते शेजाऱ्यांकडे चहा प्यायला गेले. माझ्या लग्नात तर ते वाढप्याच्या मागोमाग पंगतीतून हिंडत होते. सरसकट अनुदान त्यांना मान्य नाही. दुसरी जिलबी गरजूंनाच मिळावी, हे त्यांचं धोरण. माझ्या वडिलांना त्यांनी भर पंगतीत "आपली निकड काय?" असं विचारलं. तेव्हापासून मामांचा विषय निघाला की वडील उठून गॅलरीत जातात.

हे सगळं खपून गेलं. पण मग मामांची नजर इर्जिकीवर पडली. भातलावणीला आज सगळ्यांनी याच्या खाचरात उतरायचं, उद्या त्याच्या, आणि ज्याचं खाचर त्यानं जेवू घालायचं, एवढीच ती पद्धत. कोण किती दिवस आलं हे कुणी लिहून ठेवत नाही. मामांना नेमकं तेच खुपलं. "नोंद न्हाई, हमी न्हाई, ही काय व्यवस्था झाली?" त्यांनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली, त्यांवर स्वतःच्या नावाचा शिक्का मारला आणि घरटी पाच-पाच वाटली. कुणाला कामाला बोलावलं तर त्याला एक कार्ड द्यायचं. कार्ड देऊनही माणूस मिळाला नाही, तर तो मामा देणार, ही त्यांची हमी. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून गावानं मान डोलावली.

आठवड्याभरात घोळ झाला. कार्ड संपेल या भीतीनं कुणी कुणाला बोलावेना. मामांनी निदान केलं की बाजारात चलन कमी पडतंय, आणि आणखी पत्रिका कापल्या. मग लोक एका दिवसाच्या कामाला तीन-तीन कार्डं मागायला लागले. लोहगडवाडीच्या एका टपरीवर तर कुणी पैशाऐवजी कार्ड देऊन कांदाभजी खाऊन आलं. मामांना कोण आनंद! "जावईबापू, गावात आपली सोताची महागाई आली!" असं त्यांनी मला फोन करून सांगितलं.

खाचरं पाण्यानं भरली त्या सकाळी अख्खं गाव कार्डं घेऊन मामांच्या दारात उभं राहिलं. "हमीचा मानूस द्या." आता माणूस आणायचा कुठून? गावात होती नव्हती ती माणसं रांगेतच उभी होती. मामांना कार्डं फाडून मोकळं होता आलं असतं. "शिक्का माझा हाय," म्हणाले आणि वाकलेल्या पाठीनं स्वतः लोकांच्या चिखलात उतरले. एका कार्डाला एक दिवस. इकडं त्यांच्या एकुलत्या खाचराचं रोप तरव्यातच, पेरल्या वाफ्यातच, पिवळं पडायला लागलं. "यंदा कणगीत काय भरायचं?" मामींनी मला फोनवर विचारलं.

चौथ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी लोणावळ्याहून गेलो. दुपारी मामा लांबच्या खाचरातून चिखलानं माखून आले आणि बांधावर थबकले. त्यांच्या खाचरात गाव वाकलं होतं. आदल्या दिवशी मामी घरोघर जाऊन नुसतं "उद्या आमच्याकडं या" म्हणाल्या होत्या. मामांनी विचारलं, "हे कोन्त्या कार्डावर चाललंय?"

"कार्ड घरी ऱ्हायलं, भाऊ," शेजारचे किसनआबा मान वर न करता म्हणाले. "चार दिस राबलाय न्हवं? आता गप जेवाय वाढा."

मामा गोठ्यामागं गेले. मला वाटलं शिक्का आणायला गेले असतील. ते डोळे पुसत होते.

गेल्या वर्षी मामांचे गुडघे गेले. गाव अजूनही त्यांचं खाचर लावतं, पण बदल्यात राबता येईना म्हणून मामांना घास गोड लागेना. शेवटी त्यांनी मला फोन केला, "जावईबापू, एक दिस रजा मिळंल का? किसनआबाकडं माझ्या जागी कुनी तरी हुबं ऱ्हायला पायजे." मी रेल्वेत तिकिटं देणारा माणूस. "जावयाला चिखलात घालत्यात व्हय कुटं?" म्हणून बायका हसल्या. मी दिवसभर रोपं लावली, आणि माझ्या मागून आबा ती मुकाट्यानं उपटून सरळ लावत राहिले. मामा बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते.

संध्याकाळी त्यांनी खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. मागं आमच्याच लग्नपत्रिकेचा तुकडा होता; बायकोचं नाव शाबूत होतं, माझं कात्रीत गेलं होतं. "अडचन आली की दाखवा," मामा म्हणाले. "मानूस येईल."

मग त्यांना खुर्चीतून उठवायला मी आणि आबा, दोघं लागलो.