लसणाची ओळ

वाणिज्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना सगळे वाचनबाई म्हणत. काम दिसायला सोपं, पण जीव काढणारं. परदेशाशी करार ठरला की त्याच्या याद्या बाईंनी मोठ्याने वाचायच्या आणि समोरच्या कारकुनाने मूळ प्रतीवर खुणा करत जायचं. स्वल्पविरामसुद्धा म्हणायचा. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे बाई घरी किराण्याची यादीही तशीच वाचत, आणि नवरा मुकाट्याने ऐकून घेई.

त्या वर्षी शेतमालाचा करार व्हायचा होता. बाहेरचा कोणता माल शुल्काविना येणार, यावर इथल्या शेतकऱ्याने काय लावायचं ते ठरणार होतं. बाईंचा धाकटा भाऊ चांगली नोकरी सोडून बापाच्या रानात लसूण करत होता. फोनवर त्याचं एकच पालुपद. "ताई, यंदा लावू की रान विकून पुन्हा नोकरी धरू, तेवढं सांग."

"मला तोंड उघडायची परवानगी नाही रे," बाई म्हणायच्या, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडायच्या.

यादीत लसणावरचं शुल्क कायम होतं. वाचताना बाईंना हायसं वाटलं. शंभरेक ओळींनंतर गोठवलेल्या भाज्या आल्या. मटार, मका, पालक, आणि मग 'लसूण, सोललेला, शुल्क माफ'. कारकुनाने खूण केली, कारण मूळ प्रतीतही तेच होतं. प्रतीशी प्रत जुळली की वाचणाऱ्याचं काम संपलं. मालाबद्दल बोलायचं नाही, हा त्या खोलीचा जुना नियम.

बाई मात्र तिथेच अडल्या. तसल्या लसणाची पिशवी त्यांच्याच फ्रीजरमध्ये होती, भावापासून लपवलेली. नोकरी सांभाळून सोलत बसायला वेळ कोणाला?

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, माझा भाऊ लसूण लावतो, हे आधीच सांगते. ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आपण पुढचं दार लावलंय आणि मागचं सताड उघडं ठेवलंय. सोललेला स्वस्तात आला तर अख्खा घेणार कोण? मीच घेत नाही."

साहेबांनी घरी फोन लावला. "आपल्याकडे लसूण कुठला येतो गं, अख्खा की सोललेला?" उत्तर ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नियम मोडल्याबद्दल बाईंना ते एका शब्दाने बोलले नाहीत. पुढचे तीन दिवस ते परदेशी मंडळींशी त्या एका ओळीसाठी भांडले.

सुधारलेल्या यादीत ती ओळ बाईंनी दोनदा वाचली. शुल्क कायम. करार जाहीर झाला तशी भावाने वाफे पाडले, आणि बाई साहेबांकडे गेल्या. "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही, साहेब."

"बदल्यात अक्रोडांवरचं शुल्क सोडावं लागलं," साहेब म्हणाले. "ती ओळही तुम्हीच वाचलीत."

वाचली होती खरी, पण लसणाच्या आनंदात ऐकली नव्हती.

"अक्रोडवाल्यांची बहीण आपल्या खात्यात नव्हती," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

बाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. मनातलं ऋण तसूभरही कमी झालं नाही, उलट जडच झालं. दुसऱ्या दिवसापासून दर ओळीला थांबून त्या कारकुनाला विचारू लागल्या, "हे कोण लावतं, माहीत आहे का तुम्हाला?"